बॉडी अर्थ

रिक्षाला सोपं असतं.
लाल तार दिव्यापर्यंत न्यायची,
काळी जवळच्या नटबोल्टाला आवळायची,
बाकीचं लोखंड बघून घेतं.
सव्वीस वर्षं भवानी पेठेत हेच केलं.
जाणाऱ्या करंटची काळजी घेतली,
येणारा आपला आपण आला.

येदूबा नगऱ्यांची नाव फायबरची.
भिगवणच्या अलीकडे, उजनीच्या फुगवट्यात,
वेड्या बाभळीच्या बुंध्याला बांधलेली.
तिच्यात काळी तार आवळायला काही नाही.
नटबोल्ट आहेत, पण ते कुणाचेच कुणी नाहीत.
म्हणजे प्रत्येक दिव्याला दोन तारा,
एक जायची, एक यायची,
आणि यायची तार जायच्या तारेइतकीच जाड.
मला हे माहीत होतं.
हाताला माहीत नव्हतं.
दोनदा काळी तार धरून जागा शोधत राहिलो.

तपकीर गल्लीत कल्हई केलेली तांब्याची तार मागितली
तर काउंटरवरचं पोरगं म्हणालं,
काका, भांडी तांबट आळीत.
तिसऱ्या दुकानाच्या माळ्यावर एक बंडल निघालं,
उंदरांनी एका बाजूने चाखलेलं.
पाणी तर गोडं हाय की, येदूबा म्हणाले, एवढी म्हाग कशाला?
म्हटलं, गंज चव बघून येत नाही.

बॅटरी मासळीच्या क्रेटमध्ये बसवली,
खाली ट्यूबचा तुकडा, वरून पट्टा,
फ्यूज तिच्यापासून वीतभरावर, त्याहून लांब नाही.
टोकांना व्हॅसलीन.
बटणांच्या पेटीत शिरण्याआधी तारेला जरा पोट ठेवलं.
थेंब तिथपर्यंत उतरतो, लोंबतो, पडतो,
आत जात नाही.
सून कौसल्या जाळं सांधता सांधता बघत होती.
म्हणाली, आमच्या पत्र्यावरच्या वायरीलाबी असंच करा,
पावसात मीटर रडतो.
केलं. त्याचे पैसे लावले नाहीत.

पुढचा दिवा. मागचा दिवा.
पाणी उपसायचा मुठीएवढा पंप.
मोबाइलचं सॉकेट, ते नातवाच्या हट्टापायी.
झालं, म्हणून मी पकड पुसली.
येदूबा म्हणाले, अजून एक पायजे.
खाली तोंड करून.

माशासाठी?
न्हाई.

मग गल्ली दाखवावी तसं पाण्याकडे बोट केलं.
हितं चावडी. तिच्या पल्याड आमची भिंत.
खांब पुरलं व्हतं वो. सात खांब.
तारंचं भेंडोळं चावडीत येऊन पडलं व्हतं,
त्यावर आम्ही पोरं बसायचो.
तेवढ्यात पाणी आलं.

मी लोडचा हिशेब सांगितला.
पाण्यातला जोड टिकत नाही, बॅटरी उतरते,
असल्या गढूळात हातभर तरी दिसेल का, शंका.
ते ऐकत होते, म्हणजे तंबाखू मळत होते.

लावला.
त्याला वेगळा फ्यूज, पाच अँपिअरचा,
तो गेला तरी बाकीची नाव उजेडात राहावी म्हणून.
जोडावर तीनदा स्लीव्ह चढवली, लायटरने आवळली.
चहूकडे पाणीच पाणी, पण परत यायचं काम
पाण्यावर सोडता येत नाही.
काळी तार वर आणली.

दिवस बुडाल्यावर बटण दाबलं.
शेवाळी उजेड, घागरीएवढा.
एक चिलापी आली,
तोंड उघडून बघून गेली.
बाकी काही नाही.

येदूबा काठावर पोट टेकून वाकले होते,
नाव त्या अंगाला कलली होती,
कौसल्या न सांगता दुसऱ्या अंगाला सरकून बसली.
बऱ्याच वेळाने म्हणाली,
मामा, बंद करा, बॅटरी उतरंल.

थांब गं, ते म्हणाले,
आत्ताच तर आलीया.

मी मीटर लावून बघितला. बारा पॉइंट चार.
माझी गाडी साडेसातची होती.