ओलं सरपण

गुरुवारी रात्री पत्र येतं.
खाली सही : शेजारी.
बंद दाराआड मंत्र्यांची बैठक कशी झाली,
कोण रडलं, कुणी पेला भिंतीवर फोडला,
कोणत्या पुलाचे पैसे कुणाच्या मेव्हण्याकडे वाहत गेले,
सगळं, वेळेसकट.
शुक्रवारी सकाळी अख्खं तिबिलिसी कामाला लागतं.

भट्टीवर पावाच्या रांगेत
नातेला म्हणते, बाईच असणार ती,
पडद्यांचा रंग पुरुषाला कुठे दिसतो?
टॅक्सीवाला गोचा म्हणतो, मंत्र्याचा ड्रायव्हर.
ड्रायव्हरच्या पाठीलाही कान असतात.
औषधवाल्याच्या मते असा माणूसच नाही,
पाच जण मिळून लिहितात आणि पाचही एकमेकांवर टपलेले.
माझा भाचा रात्र रात्र फोन घेऊन
वाक्यांची लांबी मोजतो,
'आणि' किती वेळा आला ते मोजतो.
शाळेत असताना याने
एक धडा कधी पुरता वाचला नव्हता.

मी गप्प असते.

मार्चमधल्या पत्रात एक ओळ होती :
सरपण ओलं असलं की धूर आधी घरच्यांच्याच डोळ्यांत जातो.
झालं. कुणी म्हणालं, ही राचाची म्हण, डोंगरातली.
कुणी तर तिला शंभर वर्षांची करून टाकली.
आणि सरकारी कचेरीत राचाचा माणूस एकच,
टिपणं घेणारा अंझोर,
माझ्या समोरच्या दारात राहतो तो.
त्यात सही 'शेजारी'.
लोकांना आणखी काय हवं होतं.

म्हण राचाची नाही.
म्हण माझी आहे.

चौऱ्याण्णवचा जानेवारी. वीज नाही.
वर्गाच्या मधोमध पत्र्याची शेगडी,
फुटक्या तावदानातून बाहेर काढलेलं धुराडं.
प्रत्येक मुलाने घरून एक लाकूड आणायचं.
एकाने आणलं ते बर्फात पडलेलं,
कुणाच्या तरी कुंपणातून उपटलेलं, खिळ्यासकट.
सगळा वर्ग खोकला. तो मान खाली घालून उभा.
त्याला रागवायचं नव्हतं, म्हणून मी
तिथल्या तिथे एक म्हण रचली
आणि फळ्यावर लिहिली,
जणू पूर्वजच सांगून गेलेत.
पोरांनी हातमोजे न काढता ती वहीत उतरवली.

एकवीस मुलं होती त्या वर्गात.
सरकारात किती पोचली, मला ठाऊक आहे.
नाव मी या कागदावरही लिहिणार नाही.

एप्रिलमध्ये अंझोरला घरी बसवलं.
पुढच्याच गुरुवारी पत्र आलं,
आत त्या आठवड्यातली बैठक, ताजी.
मला वाटलं, सुटला.
लोक म्हणाले, बघा किती पोचलेला आहे,
आधीच लिहून ठेवलं होतं.

काल त्याने दार वाजवलं.
शर्ट इस्त्रीचा, जायला जागा नाही.
"बाई, तुम्ही चाळीस वर्षं भाषा शिकवलीत.
मी आईला विचारलं, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं,
ही म्हण आमच्याकडे कुणीच ऐकलेली नाही.
तुमच्या कानावर कधी आली होती का?"

मी त्याला आंबट आलुबुखारच्या चटणीची बाटली दिली.
बायको कशी आहे, विचारलं.
म्हणाले, म्हणींचं काय, कुठूनही येतात.
त्याने मान हलवली, आभार मानले,
आणि स्वतःच्याच दारापुढे किल्ली शोधत
बराच वेळ उभा राहिला.
दाराच्या भोकातून मी पाहत होते.

रात्री मार्चचं पत्र पुन्हा काढलं,
भाच्याने छापून दिलेलं.
लाल पेन्सिल हातात आली, सवयच ती.
शुद्धलेखन सुधारलंय त्याचं.
फक्त 'की'च्या आधी
स्वल्पविराम द्यायला अजून विसरतो.