तिसरं वळण

शोकसभेत फोटोला हार घालायला मलाच पुढे केलं.
हार काचेवरून घसरला, कुणीतरी सावरला.
फोटो छान आलाय म्हणे सरांचा, अगदी हसरा.
असेल.
मला सर ठाऊक आहेत ते डाव्या कोपरापासून मनगटापर्यंत,
आणि खिशात खुळखुळणारे भाजके शेंगदाणे.

गुर्रम म्हणजे तेलुगूत घोडा,
हे त्यांनीच सांगून टाकलं पहिल्या दिवशी,
पोरं मागून हसतात ते का, म्हणून.
घरची भाषा त्यांची तेलुगू, माझी कानडी,
शिव्या तेवढ्या मराठीत.
"संगव्वा, पळायलीस का वरातीत चालायलीस बे?"
मुलगी असले तरी बे.

सिव्हिलच्या रांगेत तीन खेपा घातल्या माझ्या दाखल्यासाठी.
डॉक्टरांनी लिहिलं, शंभर टक्के.
सर म्हणाले, "मला नाही पडले कधी एवढे."

दोर भावाच्या कारखान्यातला:
टॉवेलची कापून टाकलेली किनार, तिपेडी वळलेली,
एक वीत आणि चार बोटं.
बाजारात तयार मिळतो, कुणी म्हणालं.
"मिळतो की. पण हा घाम पितो."

ताल शिकवायला मैदानावर नेलंच नाही.
अशोक चौकामागच्या गल्लीत मागाच्या शेडला
पाठ टेकवून उभं केलं, दुपारभर.
खट्-खटा, खट्-खटा, विटांतून थेट कण्यात.
"धोट्याला कुठं दिसतंय? काठ चुकतो का त्याचा?"
तेवढ्यात वीज गेली.
गल्ली एकदम गप्प.
"आता तू चालू ठेव," म्हणाले.

मोहसीनची गोळाफेकीची खुर्ची
भंगारातल्या मागाच्या सांगाड्याची आहे.
वेल्डिंग शिकले त्यासाठी, पन्नाशीत.
त्या भाजलेल्या हाताची खरखर
मी दोन महिने दोराच्या दुसऱ्या टोकाला ऐकली.

मग गेल्या वर्षीचा एप्रिल.
पार्कवर पहाटे साडेपाचलाही जमीन कोमट.
आठशे मीटरला वळणं चार.
तिसऱ्यावर त्यांचा श्वास सुटला.
बघणाऱ्याला दिसलं नसतं.
खट् आली, खटा आली नाही.
दोर मागे ओढला गेला, अर्धं बोट.

मी पाय आवरले.
"काय झालं?"
"गुडघा."
घड्याळातले सहा सेकंद गेले.
त्यांनी वहीत मांडले आणि मला वाट्टेल तसं बोलले.

पुढे मे महिनाभर हेच,
त्यांचा श्वास, माझा गुडघा.
मलम स्वतः चोळायचे, धडधाकट गुडघ्याला,
अंगठ्याने, न बोलता.
एकदा म्हणाले,
"आज उजवा का?"
आदल्या दिवशी मी डावा सांगितला होता.
काही बोलले नाहीत मग.
उजवाच चोळत राहिले.

आता माझ्याबरोबर त्यांची भाची पळते, शिरीषा.
दम भरपूर, बोलणं त्याहून.
दोर तोच, फक्त तिच्या बाजूची गाठ नवी.
"पद, पद," ओरडते, मामासारखीच.
तेलुगूत पद म्हणजे चल.
मराठीत म्हणजे पाऊल, हे तिला मी सांगितलं.

तिसऱ्या वळणावर माझे पाय
न विचारता हळू होतात.
दोर पुढे ताणला जातो.
"काय झालं, अक्का?"
"काही नाही गं, गुडघा."
कुठला, हे ती विचारत नाही.
नवीन आहे अजून.