उभा छेद

बरणी खरबीच्या नरडांच्या दुकानातली.
दुकान मोडलं तेव्हा वीस रुपयांत दिली त्यांनी.
तीनदा विसळली, उन्हात पालथी घातली,
तरी झाकण काढलं की बडीशेपेच्या गोळ्यांचा वास येतोच.

तळाला कन्हानच्या रेतीतून चाळलेले खडे, दोन बोटं.
त्यावर कोळसा.
एकतीस वर्षं कोळशाच्या खात्यात काढली मी
आणि मूठभर कोळसा मागायला गेलो
चौकातल्या इस्त्रीवाल्या बुधरामकडे.
"काय करून राहिले बाबूजी, मे महिन्यात शेगडी पेटवता का?"
म्हटलं, झाड लावतो.
त्यानं विझलेले तुकडे कागदात बांधून दिले.
पैसे घेतले नाहीत. कीव आली असावी.

मग जुन्या मच्छरदाणीचा गोल तुकडा, मग माती.
शेवाळ कुठून आणणार, पारा सेहेचाळीसवर?
या दिवसांत नागपुरात हिरवं एकाच ठिकाणी असतं:
कूलरच्या मागे, टाकी ठिबकते
त्या वीतभर भिंतीवर.
कुमुदच्या सराट्यानं खरवडलं.
तिनं बघितलं. सराटा आता माझाच आहे.

पहिल्यांदा खिडकीत ठेवली होती बरणी.
दुपारी तीनपर्यंत तिची भाजी झाली,
हंसराजाची पानं काचेला चिकटलेली,
उकडलेल्या मेथीसारखी.
पुन्हा सेमिनरी हिल्स, पुन्हा साठ रुपये.

आता ती कपाटाच्या सावलीत असते,
माझ्या ड्रॉइंग बोर्डाला टेकून.
बाजूनं पाहिलं की खडे, कोळसा, माती, मुळं.
असेच थर काढायचो मी, शाईनं:
वालुकाश्म ठिपक्यांचा, कोळसा भरीव काळा,
सगळ्यात वर जमीन म्हणून एक रेघ.
त्या रेघेवर झाड कधी काढलं नाही.
आमच्या नकाशाला ते लागत नसे.

दुर्गय्यानं एकदा छताचा निसटलेला चपटा दगड
शर्टात गुंडाळून वर आणला होता, माझ्यासाठी.
त्यावर पान. शिरांसकट.
"साहेब, एवढ्या खाली हे कोणी लावलं असेल?"
मी हसलो होतो.
बरीच वर्षं कागदांवर ठेवायला कामी आला तो दगड.
पुढे त्या गॅलरीवर मीच फुल्या मारल्या,
लाल शाईनं, पंख्याखाली बसून,
आणि कोण कोण वर आलं
हे विचारायचं राहून गेलं.

नर्सरीतली मुलगी म्हणाली, झाकण घट्ट लावा काका,
ते आपलं पाणी आपणच पितं.
खरं आहे. पहाटे काच धुरकट होते,
नऊच्या सुमारास थेंब धरतात, ओघळतात,
मातीला त्याचा आवाजही होत नाही.

तरी रविवारी मी झाकण उघडतो.
दहा मिनिटं, घड्याळ लावून.
"काऊन छळून राहिले त्याले?" कुमुद विचारते.
काय सांगू.
आत हवा आहे का, एवढं
वर बसलेल्या कोणीतरी विचारायला पाहिजे.

काल शेवाळातून गोगलगाय निघाली,
जोंधळ्याच्या दाण्याएवढी.
ती मी लावलेली नाही.
रात्रभर काच चढली,
आणि झाकणाशी येऊन थांबली आहे.

आज मंगळवार.