रिकामं दावं

वसमत रोडवरच्या दुकानाचं कुलूप
ओढून बघतो.
कोपऱ्यावरून माघारी येऊन
परत.

टपरीवाली सलमाभाभी हसते,
"लागलंय की वो, विश्वंभरभौ!"

आई मीठमोहऱ्या ओवाळते.
मी कारण शोधतो:
आठवीतली रात्र, उघडी राहिलेली कडी,
सकाळी रिकामं दावं.

डॉक्टरीणबाईंनी केसपेपरच्या पाठीवर
रेल्वेफाटक काढलं.
"नको ते विचार सगळ्यांनाच येतात.
गाडी गेली की फाटक उघडतं.
तुमचा गेटमन शिट्टी ऐकतच राहतो.
सगळं त्या शेळीवर ढकलू नका."

मग अण्णा आठवले,
एकच बेरीज
कंदील विझेपर्यंत करणारे.
आम्ही त्यांना काटेकोर म्हणायचो.

आज एकदाच ओढलं.
बोटं शिवशिवतायत.
लागलं असेल. नसेलही.
फाटक अजून पडलेलंच,
लोक खालून वाकून सायकल काढतात
तसा निघालो.