दहापासून उलटं

समुद्राची कल्पना करा, नंदेश्वर मॅडम म्हणाल्या.
मी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, कोणता?
मी समुद्र पाहिला तो
गोलीबार चौकातल्या सलूनच्या कॅलेंडरवर.
हसल्या असाव्यात. खुर्ची करकरली.
बरं मग, म्हणाल्या, थंड जागा. तुमची.

बाहेर सेहेचाळीस.
कूलरच्या वाळ्याखाली लपलेला तो दुसरा वास,
स्पिरिटचा. तो आला की ओकारी येते,
सुई टोचायच्या आधीच. खरं सांगायचं तर
मेडिकल चौकात ऑटो वळला की येते.
अंगाला नको तेवढं पाठांतर.

दहा, म्हणाल्या. नऊ.
मी बापाच्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडले.

पोटऱ्यांना माती लागली, गार.
भर मे महिन्यातही त्या भिंती ओलसर असत.
पावडी दाबली. आठ. धोटा गेला.
सात. आला.
एक धागा तुटला. बापानं जिभेवर ओला केला,
गाठ मारली, इतकी बारीक
की लुगडं नेसणारीला जन्मात कळू नये.

पुढचे आकडे मला माहीत नाहीत.

डोळे उघडले तर बाटली निम्म्यावर,
आणि सिस्टर म्हणते, पराते काका, आज गुणी झाले हो.
उलटी झाली. पण एकदाच, घरी,
तीही तर्री-पोह्याचा हट्ट केला म्हणून.

पार्बता विचारते,
भूल घातली का जी तिनं तुमाले?
भुलेत माणूस नसतो, म्हटलं. मी होतो.
फक्त जरा खाली. जमिनीत.
मंग गाठ बसली का?

नाही. गाठ आहे तिथंच आहे.
मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं,
तिच्याशी माझं काही चालत नाही, ते औषधाचं काम.
बाकी सगळ्यात तुमच्यासोबत बसते.
मला ते बरं वाटलं. इतक्या लोकांनी
इतकी मुळं, इतके ताईत शपथेवर दिले होते.

काल रात्री दोनला लाइन गेली.
कूलर थांबला, पाठीतली कळ उठून बसली.
पार्बता कधी शाळेत गेली नाही.
अंधारात माझ्या कपाळावर हात ठेवून
तिनं सुरू केलं, मॅडमसारखंच, हळू:
दहा. नऊ. आठ. सात.
सात.
पाच... आठ...

मी कमरेपर्यंत उतरलो होतो.

थांबा जी, चुकलं, म्हणाली,
पयल्यापासून घेते.