बाकी

सूरच्या खाडीला ओहोटी लागली
की पडाव कुशीवर कलंडतात,
रवंथ करणाऱ्या म्हशींसारखे.
मी इथे बर्फाच्या कारखान्यात हिशेबनीस.
किती लाद्या गेल्या, किती विरघळल्या,
विरघळलेल्याचीही नोंद लागते.

खमीस बिन मुबारक चारच्या सुमाराला येतो.
त्याला बर्फ नको असतो, पंखा हवा असतो.
आज बगलेत बापाची वही,
फडक्यात बांधलेली, कसरीने चाळण झालेली.
मला अरबी येत नाही. आकडे तेवढे कळतात,
ते मी गाड्यांच्या पाट्यांवरून शिकलो.

तो बोट ठेवत जातो:
हा बसऱ्याचा खजूर, तीनशे गोण्या.
हा कालिकतचा साग.
हे रुपये, तुमचेच.
तेव्हा इथे तेच चालायचे.
आणि हा माझा काका, जंगबारच्या फेरीत.
खर्चाच्या बाजूला:
एक. परत नाही.

मग कोरी पानं.
आगबोटीला आमची खाडी लागत नाही, म्हणतो,
सुतार लागत नाही,
वाऱ्याची वाट बघणारी बायको लागत नाही.

आता पलीकडे वायूचा कारखाना आहे.
रात्री त्याची ज्योत माझ्या खोलीच्या भिंतीवर हलते.
तिथेही म्हणे गार करकरूनच विकतात,
म्हणजे धंदा आमचाच,
फक्त त्यांचं विरघळलेलं कुणी मोजत नाही.
आणि गोदीत वासवन मेस्त्री दोन वर्षं
एक बगला बांधतोय. खराखुरा, सागाचा.
तो पाण्यात उतरणार नाही.
हॉटेलच्या दारात उभा राहणार,
पोटात वीस टेबलं.
तरी वासवन फटीत कापूस ठासतो, तेल पाजतो.
विचारलं तर म्हणतो, हाताला दुसरं येत नाही.

शेवटच्या पानावर खमीस थांबतो,
डोळे बारीक करून वाचतो: बाकी.

मी दचकलोच.
बाकी, रक्कम, तारीख, हिशेब...
हर्णैच्या शाळेत छडी खाऊन घोकलेले हे शब्द,
आमचेच समजत होतो.
कुठल्या गलबतातून उतरले असतील,
खजुराच्या गोण्यांमागून,
जकात न भरता?

बाकी किती? मी विचारतो.
पुढचा आकडा कसरीने खाल्लाय.
खमीस पंख्याकडे बघतो.

बाहेर पाणी चढायला लागलंय,
एकेक पडाव अंग सावरून उठतोय.
टेम्पोवाला हॉर्न मारतो:
वीस लाद्या. उधार.