जून किंवा जुलै

डिचोलीच्या बाजारात, रिवणकरांच्या पेढीवर
एक तक्ता टांगलाय, जयपूरच्या व्यापाऱ्यानं दिलेला:
बारा महिने, बारा खडे, प्रत्येकाखाली एकेक गुण.
जानेवारीचा तामडा, दिल्या शब्दाला जागणारा.
फेब्रुवारीचा जांभळा स्फटिक, त्यानं दारू सुटते
(शेजारी कुणी पेन्सिलीनं लिहिलंय, खोटं).
मेचा पाचू, नव्यानं जीव लावणाऱ्यांसाठी.
सप्टेंबरचा नीलम मात्र
तीन रात्री उशीखाली ठेवल्याशिवाय
रिवणकर विकत नाहीत.
"लाभला तर राजा करतो.
नाही लाभला तर लोक माझ्या दारात येतात."

मी म्हटलं, आईला अंगठी करायचीय.
थकबाकी मिळालीय, सात वर्षांची एकदम,
आणि तिच्या बोटाला आजवर
रेशनच्या वहीतली शाई तेवढी लागलीय.

"महिना कुठला?"

तिथंच अडलं.

आईचा दाखला पोर्तुगीज अमदानीतला,
लांब शेपट्यांचं अक्षर, कडा वाळवीनं कातरलेल्या.
त्यांच्या भाषेत जून म्हणजे जुन्यु,
जुलै म्हणजे जुल्यु,
मधलं एकच अक्षर वेगळं,
आणि नेमकं त्याच अक्षरावर
कुणा कारकुनाचा टाक ठिबकलेला.
न असेल तर मोती. ल असेल तर माणिक.
रिवणकरांनी डोळ्याला भिंग लावलं,
हिरा पारखावा तसा तो डाग पारखला,
उजेडाकडे धरला, उलटा केला.
"सोन्याचा कस सांगेन, बाय.
महिना नाही सांगता येणार."

मावशी म्हणाली, पेरण्या आटपल्या होत्या.
मामा म्हणाला, कुठल्या आटपल्या,
बैल मागून आणायला मीच गेलो होतो.
शेजारची कार्मेलीन म्हणाली, माणिकच घे,
माणकाला मान असतो.
तिच्या नवऱ्यानं बोटीवरून ओपल आणला होता,
ती ऑक्टोबरची.
दोन वर्षांत खड्याला तडा गेला,
"नवरा शाबूत आहे," ती म्हणाली, "चालायचंच."

शेवटी आईलाच घेऊन गेले.
तिनं चपला दुकानाबाहेर काढल्या,
कितीही सांगितलं तरी.
रिवणकरांनी मखमलीवर दोन्ही ठेवले,
एक लाल, एक पांढरा.
आईनं हात लावला नाही. विचारलं,
"हे काढतात कुठून?"

रिवणकर खुलले. असं कुणी विचारत नाही.
माणिक ब्रह्मदेशाचं, नीलम लंकेचा, पाचू तर
समुद्रापलीकडून कोलंबियातून येतो.
"सगळे खाणीतले हो, मथुराबाय. खोल खणावं लागतं.
मोती तेवढा पाण्यातला."

आई बाहेर बघत राहिली.
रस्त्यावरून एक ट्रक गेला, ताडपत्री न बांधलेला.

लग्नाआधी नऊ वर्षं
तिनं डोक्यावरून टोपल्या वाहिल्या,
बार्ज भरेपर्यंत, फळीवरून तोल सांभाळत.
सणाचं लुगडंसुद्धा दुसऱ्या धुण्यात तांबडं व्हायचं.
मग डोंगर खाली खाली जात राहिला
आणि एका मार्चमध्ये आमच्या बावीचा तळ दिसला,
त्यात माझी हरवलेली पितळी लोटी.

"माणकं मी पुष्कळ वाहिलीत," ती म्हणाली,
"आमच्या बावीचं पाणी जिथं गेलं
तिथलं काही मला बोटात नको.
तो द्या. पाण्यातला."

"म्हणजे जून?" रिवणकरांनी वही उघडली.
"तुम्हाला हवं ते लिहा."

अंगठी पेरावरून उतरेना, एवढी सांध्यांना सूज.
वाढवून घेतली, तर बोटात फिरायला लागली.
मग आतून दोरा गुंडाळला तिनं, शिवणाच्या पेटीतला.
आठवड्याभरात दोरा हळदीनं पिवळा झालाय.
मोती आहे तसा आहे.
तरी रोज तिन्हीसांजेला
दिव्याजवळ हात नेऊन ती निरखून बघते,
पदरानं पुसते,
पुन्हा बघते,
तांबडं बसलं नाही ना.